साहेबाचा देश बघायचा तर आधी घोडनदीला उतर

दोस्ता, तुझ्या हातात पासपोर्ट आला. आम्हाला आनंद आहे. तुझ्या आज्याला दौंड स्टेशनच्या पलीकडची दुनिया ठाऊक नव्हती, आणि तू लंडनला उतरणार. शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती २००३ पासून चालू आहे. तिच्यावर आपली पोरं-पोरी आता साहेबाच्या विद्यापीठात जाऊन बसतात. जा. खुशाल जा. कुणाच्या बापाचं काही खाऊन जात नाहीस.

पण जायच्या आधी तू जी माहितीपत्रकं चाळतोयस, मोबाइलवर जी रंगीत चित्रं बघतोयस, त्यांच्याबद्दल थोडं बोलायचं आहे. राजवाड्यासमोर पहारा बदलतो तो बघा. टॉवरमध्ये मुकुट ठेवलेत ते बघा. लाल डबलडेकर बघा, दुपारचा चहा घ्या, रांगेत कसं उभं राहावं ते शिका. याला म्हणायचं ब्रिटिश संस्कृती. विकू दे त्यांना. दुकान त्यांचं, माल त्यांचा. आमचं म्हणणं एवढंच, की ही संस्कृती बघायला विमान लागत नाही. शिवाजीनगरला नगर रस्त्याची एस.टी. धर. दोन-अडीच तासांत शिरूर येतं, ज्याला म्हातारीकोतारी अजून घोडनदी म्हणतात. तिथून दक्षिणेला दौंड तालुका. या दोन तालुक्यांत साहेब जेवढा उघडा दिसतो, तेवढा बकिंगहॅम पॅलेसच्या दारात दिसत नाही. तिथे तो कपडे घालून उभा असतो.

आणि हे सांगायची वेळ आलीय, कारण साहेबाच्या नावानं आपल्याला दोन्हीकडून ठोकलं जातं. एक टोळी म्हणते, तुम्ही इंग्रजांचे बगलबच्चे, १८१८ ला देश विकला. आणि त्याला उत्तर म्हणून आपल्यातलेच काहीजण छाती फुगवून सांगतात, इंग्रज आला म्हणून आपण माणसात आलो, त्याचे उपकार विसरू नका. दोस्ता, दोन्ही वाक्यं नीट ऐक. दोन्हीत कर्ता साहेबच आहे. आपण दोन्हीकडे नुसतं कर्म. एकानं विकलं म्हणायचं, दुसऱ्यानं उद्धारलं म्हणायचं. आपण स्वतः काही केलं की नाही?

चल, एकेक जागा बघू.

पहिली जागा शिरूर. गोऱ्यांचं जुनं कबरस्तान. तिथे कर्नल विल्यम वॉलेस नावाचा साहेब पुरलेला आहे. पेशव्यांच्या मुलखातल्या इंग्रजी तैनाती फौजेचा हा सेनापती. १८०९ साली शिरूरलाच मेला. मेला तर मेला, फौजेतला माणूस मरतोच. पण पुढं काय झालं ते बघ. लोकांनी त्याचा सत्पुरुष केला. १८८५ सालचं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर म्हणजे इंग्रजांनीच लिहिलेलं दप्तर. त्यात नोंद आहे, की शिरूर आणि आसपासच्या खेड्यांतले ब्राह्मण आणि मारवाडी सोडले तर बाकी हिंदू या कबरीला भजतात, आणि सुगी झाली की पहिल्या धान्याचा नैवेद्य आणून ठेवतात.

हसू नकोस. गोऱ्या लष्करी साहेबाच्या थडग्यापुढं शेतकरी पहिली कणसं ठेवतो. का ठेवतो? ज्यानं आयुष्यात पाटलाचा, देशमुखाचा, सावकाराचा, सरकारी कारकुनाचा जाच सोडून दुसरं काही बघितलं नाही, त्याला जो जरा बरा वागतो तो देव वाटतो. त्यात साहेबाचा मोठेपणा किती, ते आपल्याला मोजता येणार नाही. पण इथल्या लोकांचं जगणं कोणत्या थराला नेऊन ठेवलं होतं, ते मोजता येतं. आणि धोकाही इथंच आहे. सत्ता गोरी असो की काळी, तिच्या थडग्याला नैवेद्य दाखवायची खोड आपल्या हाडात मुरली आहे. साहेब गेला, नैवेद्य राहिला. आज तो कुणाकुणाच्या फोटोपुढं जातो ते तुला ठाऊक आहे. कुठल्या मंत्र्याच्या, कुठल्या आपल्याच पुढाऱ्याच्या, ते सांगत बसत नाही.

आता विचार, ही इंग्रजी फौज शिरूरला आली कशी? समुद्रातून उडी मारून तर आली नाही. तिला बोलावणं गेलं होतं. होळकराच्या भीतीनं पळालेल्या दुसऱ्या बाजीरावानं वसईला इंग्रजांशी तह केला. तारीख लिहून ठेव : ३१ डिसेंबर १८०२. तहात ठरलं, इंग्रजांची फौज पेशव्याच्या मुलखात कायम राहील आणि तिच्या खर्चासाठी पेशवा आपला मुलूख तोडून देईल. त्या तहातूनच शिरूरची छावणी उभी राहिली. आणि कॅप्टन स्टाँटन आपली पलटण घेऊन शिरूरहून रात्री निघाला ती तारीख कोणती? ३१ डिसेंबर १८१७. बरोबर पंधरा वर्षं.

पुढच्या वेळी चौकात कुणी तुला विचारलं, इंग्रजांना तुम्ही का मिळालात, तर आवाज न चढवता सांग : बाबा रे, आम्ही मिळालो ती फौज तुझ्या श्रीमंतांनीच सही करून बोलावली होती. तहावर महाराचा अंगठा नव्हता.

दुसरी जागा स्तंभ. भीमा कोरेगाव गाव शिरूर तालुक्यात, आणि स्तंभ नदीच्या अलीकडं पेरण्याच्या हद्दीत, हवेली तालुक्यात. १ जानेवारीला लाखोंची रीघ लागते. तू गेला असशील. निळे झेंडे, पुस्तकांचे ठेले, भीमगीतं, लेकरं खांद्यावर घेतलेल्या बाया. पण खरं सांग, स्तंभ वाचलास का? फोटो काढलास, माथा टेकलास, वाचलास का?

तो वाचायला हवा. कारण तो दगड आपल्या बापजाद्यांनी उभारलेला नाही. तो कंपनी सरकारनं उभारला. २६ मार्च १८२१ ला पायाभरणी झाली. वर इंग्रजीत आणि मराठीत मजकूर कोरला. त्याचं सार एवढंच, की पूर्वेकडच्या ब्रिटिश फौजेच्या अभिमानाच्या विजयांपैकी हा एक. महारांच्या मुक्तीचं त्यात अक्षर नाही. पेशवाईनं अस्पृश्यांच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधला, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिलं. स्तंभावर त्याचा उल्लेख नाही. साहेबाला त्याचं काय पडलं होतं? त्याला त्याचा विजय कोरायचा होता. जिंकलं की खांब उभारायचा ही त्यांची परंपरा. लंडनला गेलास की चौकाचौकात असले खांब आणि पुतळे दिसतील.

पण त्या खांबावर साहेबानं आणखी एक गोष्ट केली. मेलेल्या शिपायांची नावं कोरली. आणि त्यांत बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ही महारांच्या नावांची खूण. बाकीच्यांत मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत, यहुदी आहेत. ज्या मुलखात महाराचं नाव बलुत्याच्या हिशेबापलीकडं कुठं लिहिलं जात नव्हतं, तिथं ते दगडावर चढलं. साहेबानं हिशेब म्हणून कोरलं असेल, रिवाज म्हणून कोरलं असेल. शंभर वर्षांनी आपण ते वाचलं, आणि वाचल्याबरोबर दगडाचा अर्थ बदलला. स्तंभ साहेबाचा, पण वाचन आपलं. आमचा सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे.

म्हणून एक कडू गोष्ट बोलतो. आपल्या भाषणांतून, गाण्यांतून, रिक्षांच्या पाठीवरून 'पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशवे कापले' असं जे चाललंय, ते थांबवायला पाहिजे. स्टाँटनकडं होतं ते एवढं : पाचशेच्या आसपास पायदळ, अडीच-तीनशे घोडेस्वार, दोन तोफा आणि त्यांच्यावरचे मूठभर गोरे गोलंदाज. सगळे मिळून आठशेच्या वर. त्यात महार पुष्कळ, पण एकटे महार नव्हेत. पेशव्याची एकूण फौज अठ्ठावीस हजारांच्या घरात मानतात, पण गावात घुसून लढली ती तिच्यातली थोडी तुकडी, आणि तिच्यात अरब मोठ्या संख्येनं होते. रात्र पडली, जनरल स्मिथची मोठी फौज जवळ येत होती, आणि पेशव्याचं सैन्य निघून गेलं. कंपनीची पावणेतीनशेच्या आसपास माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली. म्हणजे जवळजवळ तीनातला एक.

याच्यात कमी काय आहे? रात्रभर चालून आलेली माणसं. पोटात अन्न नाही. शेजारी भीमा वाहतेय आणि पाण्याकडं जायची वाट शत्रूनं धरलेली. दिवसभर तहानेनं जीव कासावीस, आणि तरी पाय मागं नाही. हे खरं आहे आणि पुरेसं आहे. खऱ्याला खोट्याचा टेकू दिला की विरोधक टेकूच ओढतो, आणि मग खरंही कोसळतं. आकडे फुगवायची गरज त्यांना, ज्यांच्याकडं नावं नाहीत. आपल्याकडं नावं आहेत, दगडावर आहेत.

आणि ते पाणी ध्यानात ठेव. बाबासाहेब या स्तंभापाशी आले ती तारीख १ जानेवारी १९२७. महाडच्या चवदार तळ्यावर गेले ती तारीख २० मार्च १९२७. मधे तीन महिनेसुद्धा नाहीत. ज्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या राज्यासाठी नदीकाठी तहान सोसली, त्यांच्या नातवंडांनी स्वतःसाठी तळ्यात ओंजळ घातली. बाबासाहेब स्तंभावर साहेबाचे आभार मानायला गेले नव्हते. तुम्ही लढणाऱ्यांची अवलाद आहात, हे आपल्या माणसांना दाखवायला गेले होते.

आता त्या उपकारवाल्यांकडं वळू. १८१८ नंतर साहेबानं कुणाला काय दिलं, याचा हिशेब मांडू. हरलेल्या बाजीरावाला काय मिळालं? वर्षाला आठ लाख रुपये पेन्शन आणि गंगाकाठी बिठूरला मुक्काम. तिथं तो १८५१ पर्यंत जगला. त्याच्या ब्राह्मण-दक्षिणेचं काय झालं? ती एकदम बंद करायची साहेबाची छाती झाली नाही. दक्षिणेच्याच पैशातून कंपनीनं पुण्याला विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, ब्राह्मणांच्या पोरांना शास्त्रं शिकवायला. साल कोणतं? १८२१. हो, तेच. ज्या वर्षी पेरण्याला दगड रोवला, त्याच वर्षी पुण्याला पाठशाळा उघडली. हरलेल्या जातीला शाळा, आणि जिंकून देणाऱ्याला खांब. यापेक्षा ब्रिटिश संस्कृती आणखी काय दाखवायची?

पुढं ऐक. १८५६ साली धारवाडला एका महार पोरानं सरकारी शाळेत नाव घालायचा अर्ज केला. सरकारी शाळा, इंग्रजांचं राज्य. सरकारनं काय म्हटलं? एका माणसासाठी युगायुगांची समजूत मोडायला गेलो तर शाळा ओस पडेल, सबब प्रवेश नाही. बंदुकीच्या धाकावर अख्खा हिंदुस्थान घेणाऱ्या साहेबाला एका पोराला बाकावर बसवायचं धैर्य नव्हतं.

आणि लष्कर? ज्या लष्करासाठी कोरेगावला मेलो, त्याच लष्कराचं दार १८९० नंतरच्या दोन-चार वर्षांत महारांना बंद झालं. तोवर साहेबाला 'लढवय्या जाती' नावाचं नवं शास्त्र सापडलं होतं. म्हणजे मनूचंच, पण खाकी पुठ्ठ्यात बांधलेलं. ज्यांची नावं विजयस्तंभावर, तेच आता लढायला नालायक. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट विलायतेला अर्ज धाडला. साहेब ढिम्म. पहिलं महायुद्ध पेटलं, माणसं कमी पडली, तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी केली. लढाई संपली, १९२१ साली मोडून टाकली. दगड रोवल्याला बरोबर शंभर वर्षं झाली होती. पुन्हा दुसरं युद्ध, पुन्हा गरज, १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट. तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. पुढं स्तंभ गेला आणि खंजीर आला.

हे उपकार आहेत? गरज पडली की भरती, गरज सरली की घरी. गावकी यापेक्षा वेगळं काय करत होती? मेलेलं ढोर ओढायला महार हवा, आणि ओढून झालं की वेशीबाहेर.

मग कुणी म्हणेल, साहेबाकडून काहीच मिळालं नाही का? मिळालं. ते कसं मिळालं, ते बघायला दौंडला चल.

दौंड म्हणजे रेल्वे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची पुण्याहून सोलापूरकडं जाणारी लाइन १८५८ च्या डिसेंबरात इथून पुढं दिक्सळपर्यंत गेली. दौंड-मनमाड फाटा १८७८ चा. जंक्शन झालं. ड्रायव्हर-गार्डाच्या वरच्या जागा गोऱ्यांना आणि अँग्लो-इंडियनांना. रूळ, खडी, फावडं कुणाला ते विचारायला नको. त्याच्याआधी बोरघाट फोडताना हजारो मजूर दगडाखाली, पटकीत मेले. त्यांच्या नावाचा खांब कुठं आहे? असला तर दाखव. साहेब सगळ्या मेलेल्यांची नावं कोरत नाही. गोळी खाऊन मेला तर कोरतो. पाटी डोक्यावर घेऊन मेला तर नाही.

पण रेल्वेनं एक केलं. बलुतं सोडून रोख पगार दाखवला. पाटलाच्या वाड्यासमोर उभं न राहता महिन्याच्या महिन्याला हातात पैसा. तो पगार हातात आला, म्हणून पोरगं शाळेत गेलं. हे खरंय. पण लगेच टाळ्या वाजवू नकोस. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला, म्हणजे या दौंडच्या फाट्याच्या दुसऱ्या टोकाला, जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असं त्यांनी सांगितलं ते इथंच. आणि रेल्वेतली जात त्यांनी उलगडून दाखवली. अस्पृश्य जन्मभर गँगमन. तो पोर्टरसुद्धा होऊ शकत नाही. का? तर पोर्टराला स्टेशनमास्तरच्या घरातलंही काम करावं लागतं, आणि सवर्ण मास्तरच्या घरात अस्पृश्य कसा चालेल? इंजिन विलायतेचं, रूळ विलायतेचे, वेळापत्रक विलायतेचं. आणि प्लॅटफॉर्मवर मनुस्मृती.

स्वतः बाबासाहेब पोरवयात १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरले तेव्हा काय झालं, ते त्यांनी लिहून ठेवलंय. चांगले कपडे बघून स्टेशनमास्तर मायेनं विचारतो, आणि जात कळल्याबरोबर मागं सरकतो. तिकीट घेतलेल्या पोरांना एक गाडीवान मिळेना. साहेबाची रेल्वे स्टेशनपर्यंत आणते. स्टेशनातून बाहेर पडायला तुला तुझंच भांडण करावं लागतं. तेव्हाही, आणि आताही.

म्हणजे मिळालं ते काय? अवजार मिळालं. रोख पगार, छापखाना, कोर्ट, इंग्रजी भाषा. ही अवजारं साहेबानं स्वतःच्या कामासाठी आणली होती. आपण ती उचलली. लोहाराच्या भात्याजवळ पडलेली पहार उचलून कुणी भिंत फोडली, तर भिंत लोहारानं फोडली म्हणायची का?

चौथी जागा केडगाव, दौंड तालुका. इथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. ही बाई १८८३ साली इंग्लंडला गेली. वाँटेजच्या मठात राहिली, तिथंच ख्रिस्ती झाली, चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवलं. धर्म साहेबांचा घेतला, पण मान दिली नाही. मठातल्या बायका म्हणाल्या, अमकं मान, तमकं मान, बिशप सांगेल तसं वाग. हिनं पत्रांतून वाद घातला, की एका भटशाहीतून सुटले ती दुसरीत शिरायला नाही. पुढं दुष्काळात उपाशी, टाकलेल्या शेकडो पोरी गोळा करून तिनं केडगावला वसाहत उभी केली. आणि १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी इस्पितळात बायकांची काय गत होते, ते इंग्रजी पत्रात छापून गव्हर्नरशी झुंजली. जातीनं ती बामणाची लेक. तरी आम्ही तिला इथं आणली, कारण साहेबाच्या घरात जाऊन त्याच्याकडून हवं ते घ्यावं आणि पाठीचा कणा त्याच्या खुंटीला टांगू नये, हे तिला जमलं. तुला लंडनात तेच जमवायचं आहे.

आता जा लंडनला. बघायला काय सांगतो ते लिहून घे.

किंग हेन्रीज रोड, दहा नंबरचं घर. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथं राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं, स्मारक झालं. मग शेजाऱ्यांना गर्दीचा त्रास होतो म्हणून तिथल्या कौन्सिलानं संग्रहालयाची परवानगी नाकारली. भांडण वरपर्यंत गेलं आणि २०२० साली परवानगी मिळाली. आपलं माणूस गेलं शंभर वर्षांपूर्वी, पण वस्तीत घर मिळवायचं भांडण अजून आहेच बघ. त्या घराच्या पायरीवर बसून आठव, की याच माणसानं साहेबाच्या राजधानीत बसून, साहेबाच्याच विद्यापीठाला, साहेबाच्या सरकारच्या रुपयाच्या धोरणाची चिरफाड करणारा प्रबंध दिला. १९२३ साली डी.एस्सी. घेतली.

मग सेंट जेम्स पॅलेस बघ. लोक बाहेर उभं राहून शिपायांच्या टोप्यांचे फोटो घेतात. तू आतल्या १९३० च्या नोव्हेंबरचा विचार कर. गोलमेज परिषद. राजे, दिवाण, लॉर्ड, सर यांच्यासमोर बाबासाहेबांनी तोंडावर विचारलं, तुमच्या राज्याआधी आम्हाला विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, देवळात जाता येत नव्हतं, पोलिसात-लष्करात घेत नव्हते. आज दीडशे वर्षांनी काय बदललं? जखमा होत्या तशाच उघड्या आहेत, म्हणून आम्हाला लोकांचं, लोकांनी चालवलेलं राज्य हवं. बगलबच्चा असं बोलतो? उपकाराखाली दबलेला असं बोलतो? दोन्ही टोळ्यांना हे एकच उत्तर बास आहे.

आणि ब्रिटिश लायब्ररीत जा. कंपनी सरकारचे, तिच्या लष्कराचे कागद तिथं आहेत. वाटेत सेल्फी कमी काढ, कागद जास्त काढ. आपला इतिहास त्यांच्या दप्तरात त्यांच्या अक्षरात पडलाय. तो आपल्या अक्षरात उतरवायला माणसं पाहिजेत.

शेवटचं एक. तिथं जात नसते असं समजून जाऊ नकोस. आपल्या देशातून माणसं गेली, पेटाऱ्यात लोणच्याबरोबर जात घेऊन गेली. बिहारमधून घरकामाला नेलेल्या एका आदिवासी बाईला तासाला अकरा पेन्स देऊन राबवलं जात होतं. २०१५ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणानं तिला एक लाख ऐंशी हजारांहून जास्त पौंड द्यायला लावले. जातीवरून भेदभाव हा कायद्यात स्पष्ट लिहावा, असं तिथल्या संसदेनं २०१३ साली ठरवलं. तिथल्याच सवर्ण संघटनांनी ओरड केली, आणि २०१८ साली सरकारनं अंग काढून घेतलं : कोर्टाचे निकाल आहेत ते पुरेत. धारवाडच्या त्या पोराला दिलेलं उत्तर आणि हे उत्तर शेजारी ठेवून बघ. दीडशेवर वर्षं मधे आहेत, पण अक्षर एकाच हाताचं वाटतं. राजा जन्मानं ठरतो अशा देशाला जन्माचा अन्याय कळायला वेळ लागणारच.

आणि जे जाणार नाहीत, इथंच राहणार आहेत, त्यांच्यासाठी एक काम. १ जानेवारी २०१८ ला, दोनशे वर्षं भरली त्या दिवशी, कोरेगावच्या रस्त्यावर दगडफेक झाली, गाड्या जळल्या, एक तरुण जिवानिशी गेला. त्यानंतर खटले उभे राहिले, लिहिणारी-बोलणारी माणसं आत गेली, आणि म्हातारे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला कोठडीत असतानाच गेले. म्हणजे तो दगड अजून गरम आहे. त्याच्याविषयी आता तोंडाला येईल ते बोलून चालणार नाही. आपण एक आकडा चुकीचा सांगितला, तर समोरचा त्यावरून बावीस नावं पुसायला बघेल.

म्हणून आपल्या प्रत्येक शाखेनं वर्षातून एक सहल काढावी. १ जानेवारी सोडून. गर्दी नसेल अशा एखाद्या रविवारी. सकाळी शिरूर, वॉलेसची कबर. नैवेद्य नको, नुसतं उभं राहून सगळी हकिकत पोरांना सांगायची. मग पेरणे. स्तंभाच्या चारी बाजू वाचायच्या, नावं एकेक करून मोठ्यानं म्हणायची. सगळी. 'नाक' असलेली आणि नसलेलीही. दुपारी केडगाव. संध्याकाळी दौंडच्या प्लॅटफॉर्मवर चहा घेऊन मनमाडचं भाषण वाचायचं. पॅसेंजरनं परत. खर्च फार नाही. गाईड लागत नाही. घरी आल्यावर प्रत्येकानं दोन पानं लिहून द्यायची. ती आपण या अंकात छापू.

साहेब समजून घ्यायचा तर तो असा, उन्हात उभं राहून, वाचून. पुजून नाही आणि शिव्या घालूनही नाही. मग लंडनला जायचं तर जा. तिथला खांब बघितलास की पहिला प्रश्न आपोआप तोंडात येईल : यावर नावं कुणाची आहेत, आणि कुणाची गाळलीत?